मीटरबाई आणि हातवर

पहिल्याच भेटीत त्याने तिला हात वर करायला लावलं. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात ही अशी, आणि यात नाजूक-हळुवार असं काही शोधायला गेलात तर हाती काही लागायचं नाही. विमानतळावर सकाळची गर्दी होती, बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, ओल्या छत्र्यांनी फरशीवर सगळा चिखल करून ठेवला होता, आणि ती आपली काळी पेटी छातीशी धरून रांगेत उभी होती. पेटी सामानाच्या पट्ट्यावरून आत गेली ती बाहेर येईचना. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने भुवया उंचावल्या, पट्टा थांबला, आणि शरीर तपासायच्या मशीनपाशी उभा असलेला एक उंच, सडपातळ तरुण तिच्याकडे वळला.

"यात काय आहे?"

"मीटर."

"कसला?"

"तुमच्या मशीनला ताप आहे का, ते बघायला आलेय."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. ओठांवर आलेलं हसू त्याने दाबलं, पण डोळ्यांना सांगायचं राहून गेलं. "मग आधी मशीनला तुमचा ताप बघू द्या," तो म्हणाला. "पुढे या. हात वर."

दोन उंच कपाटांसारख्या भिंतींच्या मधे, फरशीवर रंगवलेल्या पावलांवर पाय ठेवून ती उभी राहिली. मशीनने तिच्या केसांतली एक पिन तेवढी पकडली. ती तपासायला एक बुटकी, गोल चेहऱ्याची मुलगी पुढे आली. तिला तिथे सगळे बाहुली म्हणत. बाहुलीने ती पिन इतक्या गंभीरपणे उलटसुलट करून पाहिली की मागचे प्रवासीसुद्धा हसायला लागले. मग पेटीतलं पत्र निघालं. वर प्रयोगशाळेचा शिक्का, खाली विमानतळाच्या मोठ्या साहेबांची सही. तरुणाने ते वाचलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तपासणी करायला आलेल्या बाईचीच त्याने झडती घेतली होती. तिने मात्र पिन परत केसांत खोवली आणि पेटी उघडून कामाला लागली.

काम असं होतं. माणसाला कपड्यांच्या आरपार बघणारं ते मशीन जुन्या पद्धतीचं, क्ष-किरणं सोडणारं. बाकी ठिकाणी नवी मशीनं आली होती, इथे मात्र "येणार, येणार" यावरच दोन वर्षं निघाली होती. मशीनपाशी उभ्या राहणाऱ्या लोकांच्या मनात भीती बसली होती. एकीचे केस गळत होते, एकाचं डोकं दुखायचं, कुणाच्या बायकोला मूल होत नव्हतं, आणि प्रत्येकाने आपापलं दुखणं आणून त्या दोन भिंतींपाशी ठेवलं होतं. शेवटी सगळ्यांनी सह्या करून तक्रार दिली. मोठ्या साहेबांनी प्रयोगशाळेला कळवलं, आणि प्रयोगशाळेने हिला धाडलं—सहा महिने, दर बुधवारी, मशीनच्या चारही बाजूंनी मोजायचं आणि आकडा भिंतीवर लावायचा. शिवाय तिथला प्रत्येकजण छातीवर एक प्लॅस्टिकचा बिल्ला लावायचा. अंगावर किती किरणं पडली ते त्या बिल्ल्यात उमटतं. दर तीन महिन्यांनी बिल्ले गोळा व्हायचे आणि प्रयोगशाळेत वाचले जायचे. ते वाचायचं कामही हिचंच.

दुसऱ्या बुधवारपर्यंत तिचं नाव मीटरबाई पडलं. आणि तिला कळलं की त्या उंच मुलाला सगळे हातवर म्हणतात, कारण तो दिवसभर तेवढेच दोन शब्द बोलतो.

"घरीसुद्धा सवय जात नाही," तो एकदा सांगत होता. सकाळी दूधवाला आला तर तो त्यालाही हात वर म्हणाला होता, आणि बिचाऱ्याने दुधाच्या पिशवीसकट केलेही होते. ती इतकी हसली की मीटरवरचा आकडा लिहायचा राहून गेला आणि पुन्हा मोजावं लागलं. पुढे असं वारंवार व्हायला लागलं. जे काम अर्ध्या तासात उरकावं त्याला दीड तास लागायला लागला. बाहुली पडद्याआडून सगळं बघायची आणि नको तिथे खोकायची.

"आज किती?" हा त्याचा ठरलेला प्रश्न.

"मागच्या बुधवारइतकंच."

"म्हणजे मी जगतो."

"तुम्ही शंभर वर्षं जगता आणि लोकांना हात वर करायला लावता."

"आणि तुम्ही? तुम्ही शंभर वर्षं दर बुधवारी येता?"

यावर तिने मीटरच्या काट्याकडे पाहिलं. काटा जागचा हलला नव्हता, हे एक बरं झालं.

ती त्याला समजावून सांगायची. इथे उभं राहून वर्षभरात अंगावर जे पडतं, त्याहून जास्त हे प्रवासी लांबच्या एका विमानप्रवासात घेतात. जमिनीतून, आभाळातून, घराच्या भिंतींतून थोडंथोडं सगळ्यांनाच मिळत असतं, मशीनची त्यात चिमूटभर भर. तो ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा. पण तिच्या एक लक्षात आलं होतं. एखादे म्हातारे आजोबा मशीनपाशी घुटमळत विचारायचे, बाळा, यातून गेल्यावर काही होत नाही ना? तेव्हा हातवर म्हणायचा, काही नाही आजोबा, या. आणि हे म्हणताना तो फरशीकडे बघायचा. बाकी सगळं तो माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायचा.

सातव्या की आठव्या बुधवारी, कर्मचाऱ्यांच्या खोलीत कागदी कपातून चहा पिताना तिने विचारलंच. तो बराच वेळ कप फिरवत राहिला.

"माझी ताई इथे उभी राहायची," तो म्हणाला. "माझ्या आधी. सहा वर्षं."

"मग?"

"मग रक्ताचा आजार निघाला. चार महिन्यांत आटोपलं सगळं."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण बाहेर माणसं येत-जात होती आणि ती इथे सरकारी कामावर आली होती. तो सांगत गेला. ताई घरात बसून कंटाळली होती. वडील नव्हते, आई आजारी, आणि ताईचं शिक्षण वाया चाललेलं. या नोकरीची जाहिरात त्यानेच आणली होती. फॉर्म त्यानेच भरला होता, फोटोसुद्धा त्यानेच चिकटवला होता. ताई गेल्यावर आई एकदाच बोलली, तूच तो कागद घरात आणलास. पुन्हा कधी नाही बोलली. पण बोलली. आता ती गावी असते आणि सकाळ-संध्याकाळ त्या मशीनच्या नावाने बोटं मोडते.

"मग तुम्ही इथेच कशाला नोकरी धरलीत?"

"ती जिथे उभी राहायची तिथे उभं राहून बघायचं होतं..." त्याने रिकामा कप चुरगळला.

ताईचे बिल्ले आमच्याकडेच वाचले गेले असतील, ती म्हणाली. नोंदी असतात. हवं तर मी बघते. त्यावर त्याचा चेहरा एकदम उतरला. नको, तो म्हणाला, बघू नका. आणि त्या दिवशी तो पुन्हा हसला नाही.

त्यानंतर ते दोघं अहो-जाहोवरून कधी अगं-अरेवर आले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तो तिच्यासाठी चहा आणून ठेवायचा आणि वर बशी झाकायचा. ती त्याच्यासाठी पुस्तकं आणायची आणि तो ती न वाचता परत द्यायचा, मग खोटं बोलताना पकडला जायचा. विमानतळाच्या मागच्या बाजूला, सायकली लावायच्या पत्र्याच्या शेडखाली, पाऊस थांबायची वाट बघत दोघं उभे राहायचे. पाऊस थांबला तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही. एकदा तो म्हणाला, "तुझ्या आईला भेटायला यायचंय मला."

"कशाला?"

"हात वर करून उभा राहतो. त्यांना काय तपासायचं ते तपासू दे."

तिचा चेहरा तापला. पण नियम होता. ज्याची मोजणी करायची त्याच्याशी नातं ठेवायचं नाही. "सहा महिने संपू देत," ती हळूच म्हणाली. "मग ये. ती कडक आहे, पण पटकन विरघळते." घरी जाऊन तिने आईला अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं आईने तिच्या तोंडावरून ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून घरातल्या पडद्यांचं कापड बदलायचं मनावर घेतलं.

मधल्या काळात बाहुलीला दिवस गेले. तिने फक्त दोघांनाच सांगितलं होतं, हातवरला आणि मीटरबाईला. ती ठेक्यावरची कामगार. वर कळवलं तर ठेकेदार पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणेल, ही तिची धास्ती. म्हणून ढगळ सदरा घालून ती मशीनपाशी उभी राहायची, आठ-आठ तास. हातवर तिला सारखा बस म्हणायचा, पाणी पी म्हणायचा. मीटरबाईला वाटायचं, किती मायेचा आहे हा. त्याच्या डोक्यात काय शिजत होतं, याचा तिला पत्ताही नव्हता.

दुसरे तीन महिने भरले, बिल्ले गोळा झाले, आणि एका मंगळवारी ती प्रयोगशाळेत ते वाचायला बसली. पहिल्या तीन महिन्यांचे सगळे कोरे निघाले होते, हेही तसेच निघत होते. बाहुलीचा कोरा. पडद्यासमोरच्या माणसाचा कोरा. मग हातवरचा आला. आकडा बघून तिने यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा वाचला. तोच आकडा. वर्षभरात जेवढं अंगावर पडलेलं चालतं, त्याच्या अकरा पट.

तिने आकडा वहीत लिहिला. अकरा पट—म्हणजे रक्त तपासायला हवं, लगेच तपासायला हवं, आणि तपासून निघालं काही तर? ताईच्या वाटेनेच हाही... तिने पुढचा विचार केला नाही, पण विचार काय, तो होऊन गेलाच होता. प्रयोगशाळेचा नियम कडक. असा आकडा आला तर सरांनी स्वतः बघितल्याशिवाय कुणाला चकार शब्द सांगायचा नाही. आणि सर परगावी, गुरुवारी येणार. त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आईने विचारलं, तर म्हणाली डोकं दुखतंय.

मधे बुधवार होता. जावं तर लागणारच. ती गेली, आणि तो नेहमीसारखा उभा होता, नेहमीसारखा हसला. तिने त्याच्या नखांकडे पाहिलं, डोळ्यांखाली पाहिलं, मनगटावर कुठे निळा डाग आहे का ते पाहिलं. मीटरवर सगळं नेहमीइतकंच दिसत होतं, आणि ते तिला कळेना. मग याच्या अंगावर कुठून आलं? त्याने बशी झाकलेला चहा आणून दिला.

"आज किती?"

"नेहमीइतकंच." तिने बशी उचलली. "तू... जेवतोस ना रे नीट?"

काहीतरी बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं. मग एका प्रवाशाकडे वळून म्हणाला, हात वर.

गुरुवारी सर आले. त्यांनी बिल्ल्याच्या आतली पट्टी काढून उजेडाच्या काचेवर ठेवली आणि चष्मा वर केला. बिल्ल्यात धातूच्या दोन-तीन चिमुकल्या चकत्या असतात आणि पट्टीवर त्यांची सावली उमटते. बिल्ला लावून माणूस हिंडत असतो, वळत असतो, म्हणून सावलीच्या कडा पुसट येतात, हललेल्या माणसाच्या फोटोसारख्या. या सावलीच्या कडा कशा सुरीने कापल्यासारख्या होत्या. "हा बिल्ला माणसाच्या अंगावर नव्हता," सर म्हणाले. "एका जागी निश्चल पडून होता. सामानाच्या मशीनमधे, पट्टा थांबवून ठेवलेला दिसतोय. आठ-दहा मिनिटं तरी." ते शांतपणे बोलत होते, आणि सोमवारी अहवाल जायला हवा असंही त्यांनी सांगितलं.

ती हात धुवायच्या खोलीत गेली, नळ सोडला आणि रडली. आधी आनंदाने रडली. तो बरा होता, धडधाकट होता, त्याला काही झालेलं नव्हतं. मग बुधवारचा चहा आठवला आणि रडणं थांबलं.

शुक्रवारी सायकलींच्या शेडखाली तिने त्याला गाठलं. तो काही लपवायला गेला नाही. खालच्या मानेने सगळं सांगितलं. दुपारच्या सुट्टीत पट्टा थांबवला होता आणि बिल्ला आत ठेवला होता. एवढा मोठा आकडा आला की मशीनपाशी उभं राहणं बंद होईल, मशीनच जाईल, बाहुलीला तोंड उघडावं न लागता तिथून हलवतील. बिल्ला अंगावर नव्हता हे ओळखू येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, आकडा म्हणजे आकडा.

"ताईच्या वेळी कोणी काही केलं नाही," तो म्हणाला. "मी एकीला तरी वाचवणार होतो."

"आणि मी?"

"तू..."

"तो आकडा कोण वाचणार होतं, माहीत होतं ना तुला? दोन दिवस मी तुला मेलेला धरून चालले होते. तुझी नखं बघत होते मी. आणि तू मला चहा आणून दिलास."

पत्र्यावर अवकाळी पाऊस वाजत होता. तो म्हणाला, "खरा आहे म्हणून लिही. तू म्हणालीस तर सर ऐकतील. एवढं एकदाच... माझ्यासाठी."

आता इथे कुणीही म्हणेल, लिहायचं होतं. एक आकडा तर होता. मशीन तसंही जुनं, आज ना उद्या जायचंच होतं. बाहुली सुटली असती, त्याची नोकरी राहिली असती, महिन्याभराने तो नवे पडदे लावलेल्या घरात तिच्या आईसमोर येऊन बसला असता. हे सगळं तिला उभ्याउभ्या दिसलं. आणि त्याच्या पलीकडचंही दिसलं. तिने पर्समधून एक कागद काढला.

"यावर सही कर. गेलेल्या माणसाच्या नोंदी घरच्यांना मागता येतात."

"पुन्हा एक फॉर्म," तो म्हणाला. पण त्याने सही केली.

शनिवारी सकाळी तो प्रयोगशाळेत आला. भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा एक जग होता. तिने ताईची फाइल उघडली. सहा वर्षं, दर तीन महिन्यांनी एक, चोवीस नोंदी. ती वाचायला लागली. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी, काही नाही. चौथ्या नोंदीला त्याने डोळे मिटले. सातवीत अगदी जरासं काही होतं, घरात बसलेल्या माणसाला तेवढ्या दिवसांत मिळतं त्याच्या पावपटही नाही, तेही तिने समजावून सांगितलं. आठवी, नववी, दहावी.

"अकरावी. बिल्ला कपड्यांबरोबर धुतला गेला, म्हणून वाचता आला नाही."

तो एकदम हसला. "तिनेच धुतला. तिनेच, आणि दोन दिवस माझ्या नावाने घर डोक्यावर घेतलं होतं." हसता हसता तो थांबला. त्याच्या डोळ्यांत शंका आली. "म्हणजे त्या तीन महिन्यांचं कोणालाच..."

"त्या तीन महिन्यांत तिच्या जोडीला जी बाई उभी होती, तिचा बिल्ला मी काल बघितला," ती म्हणाली. "तोही कोरा आहे."

बारावी. तेरावी. मधे पाणी प्यायलाही ती थांबली नाही. चोविसावी वाचून झाली तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून रडत होता, लहान मुलासारखा हमसून हमसून.

"मग कशाने गेली ती?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. असे आजार होतात रे... काही कारण नसताना होतात. शपथेवर काही सांगता येत नाही मला. पण या आकड्यांनी असा आजार होत नाही, एवढं सांगते." तिने या वेळी त्याच्या हातावर हात ठेवला. इथे बघायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी तिने ठेवला असता. "तू फॉर्म भरलास म्हणून ती गेली नाही."

सोमवारी सरांचा अहवाल जायच्या आधीच तो मोठ्या साहेबांकडे गेला आणि स्वतःच्या हाताने लिहून देऊन आला. नोकरी गेली. ती वाचवायला तिने काही केलं नाही, करता येण्यासारखं नव्हतं. एक मात्र तिने केलं. बाहुलीला विचारून, तिच्या संमतीने, अहवालात वेगळा परिच्छेद घातला की गरोदर कामगाराला इतके तास उभं ठेवू नये, किरणांचा त्यात काही संबंध नाही, आणि या कारणाने तिला कामावरून काढताही येणार नाही. मोठे साहेब वाईट नव्हते. बाहुली आठवड्याभरात चौकशीच्या खिडकीत खुर्चीवर बसली. हे आधीच मागता आलं असतं. पण भ्यालेली माणसं मागत नाहीत, ती परस्पर काहीतरी करून बसतात.

तो गावी जाणार होता, आईकडे. तिथे त्याच्या मामांचा छापखाना होता. बसच्या थांब्यावर ती त्याला पोचवायला गेली. दुपारची वेळ, ऊन-पाऊस चाललेला, त्याच्या हातात एक बॅग. थोडा वेळ दोघंही बस किती वाजता येते आणि कुठे बदलावी लागते यावरच बोलत राहिले.

"माझी आई अजून विचारते," ती म्हणाली. "कधी येणार म्हणून."

त्याने बॅगेची चेन ओढून बघितली. मग म्हणाला की त्याला आता त्याच्या आईला सांगायचंय, मशीनने ताईला मारलं नाही म्हणून. एवढी वर्षं त्या मशीनला शिव्या घालून ती उभी राहिलीय. तो आधार काढून घ्यायचा, आणि तोही त्यानेच काढून घ्यायचा. ती ऐकेल की नाही, ठाऊक नाही. ऐकलं तरी कोसळेल. "आणि तुला घेऊन गेलो तर काय सांगू तिला? ही कोण? हिनेच ते चोवीस आकडे वाचले, ही ती?" त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली. "ती तुझ्या हातचं पाणी पिणार नाही गं. आणि तिला सोडून मी येऊ शकत नाही. तिला मी एकटाच उरलोय."

हे तिला ठाऊक होतं. "मी थांबते," ती म्हणाली. "वर्ष लागू दे, दोन लागू देत."

"नको थांबू." मग, "तू मला किती आवडतेस हे मी कधी नीट बोललोच नाही. सहा महिने संपायची वाट बघत होतो."

"आता संपले."

"आता संपले," तो म्हणाला.

रस्त्याच्या वळणावर बस दिसायला लागली. त्याने घाईघाईने विचारलं, जणू इतके दिवस हेच विचारायचं राहिलं होतं. "एक सांग. तू खोटं लिहिलं असतंस, तर मी इथेच राहिलो असतो. तुझ्याच घरी आलो असतो. हे तुझ्या डोक्यात आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"मग?"

"मी तो आकडा खरा म्हटला असता, म्हणजे मशीनच वाईट ठरलं असतं. आणि मशीन वाईट ठरलं असतं, तर तू जन्मभर समजत राहिला असतास, की तू ताईला हाताने धरून तिथे नेऊन उभं केलंस." तिला त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती येणाऱ्या बसकडे बघत होती. "माझ्या शेजारी बसून तू ते समजत राहायचं... मला नाही चाललं असतं ते."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

बस येऊन थांबली, दार उघडलं, माणसं चढायला लागली. "शनिवारी घरी जाऊन मी झोपलो," तो म्हणाला. "ताई गेल्यापासून इतका पहिल्यांदा झोपलो. सकाळी जागा झालो तर छातीवर काही नव्हतं. आणि मग तू आठवलीस." त्याने तिचा हात घट्ट धरला, इतका घट्ट की तिची बोटं दुखली. मग सोडला आणि तो चढला.

खिडकीची जागा त्याला मिळाली नाही. बस हलली तेव्हा गर्दीतून तिला त्याचा नुसता खांदा दिसला, मग तोही दिसेना. ती तिथेच उभी राहिली. बस गेली, मागून दुसरी आली, तिसरीची रांग लागायला लागली. एका बाईने मागून तिच्या पाठीला हळूच हात लावून विचारलं, "रांगेत आहात का हो तुम्ही?"

तिने डोळे पुसले आणि बाजूला सरली.

"नाही. तुम्ही जा पुढे," ती म्हणाली.